गप्प पडलेलं डुक्कर

डुकराच्या भुलेची सुरुवात पेंढ्यापासून होते. जठरात दुर्बीण घालायची तर जठर रिकामं हवं, आणि खाणं बंद केलं की डुक्कर अंगाखालचा पेंढा खायला लागतं. म्हणून आदल्या दिवशी पेंढाही काढून घ्यायचा, पाणी मात्र ठेवायचं. पेंढा गेला की नाकाने उकरायला काही उरत नाही, आणि उकरायला काही नसलं की डुक्कर चिडतं. मग जाळीला एक साखळी लटकवायची, शेजारच्या खणात त्याच्या ओळखीचं दुसरं डुक्कर ठेवायचं. सकाळी जे जनावर घाबरून, ओरडून टेबलावर येतं, त्याला औषध जास्त लागतं आणि तरी भूल नीट बसत नाही. हे औषधांच्या तक्त्यात लिहिलेलं नसतं, गोठ्यातल्या माणसाला मात्र पक्कं ठाऊक असतं.

मी परळला पशुवैद्यक शिकले आणि गेली काही वर्षं जर्मनीतल्या एका प्रयोगशाळेत डुकरांना भूल देते. पोटविकारतज्ज्ञ आणि सर्जन इथे नवी उपकरणं, टाके घालायच्या नव्या तऱ्हा, आत शिरायचे नवे मार्ग आधी डुकरावर करून बघतात. आई फोनवर अजूनही विचारते, "अगं, डुकराला कसली भूल देतेस? त्याला काय कळतंय?" आमचं गाव रत्नागिरीकडचं. तिथे डुक्कर म्हणजे एका रात्रीत भाताचा तुकडा लोळवून जाणारं रानडुक्कर, त्यामुळे आईची सहानुभूती बेताची. "त्याला कळतं, आई. किती कळतंय ते बघायलाच मला ठेवलंय," असं मी म्हणते, आणि ती विषय बदलून पाऊस कसा पडतोय ते सांगते.

डुक्करच का, याचं उत्तर साधं आहे. तीन-चार महिन्यांचं डुक्कर पस्तीस-चाळीस किलोचं होतं. त्याचं जठर, यकृत, पित्ताशय, रक्तवाहिन्या यांचे आकार माणसाच्या जवळपास जातात, आणि माणसासाठी बनवलेली दुर्बीण त्यात जशीच्या तशी चालते. दवाखान्यातलंच व्हेंटिलेटर, तीच सलाईन, तोच मॉनिटरचा पडदा. हे साम्य इतकं आहे की नवखा भूलतज्ज्ञ पहिल्याच दिवशी फसतो. माणसांच्या भुलेची सवय असलेला एखादा डॉक्टर आमच्याकडे येतो, पडद्यावरचे आकडे बघतो, निश्चिंत होतो. फरक आकड्यांच्या खाली असतात.

पहिली सुई कानामागे, मानेच्या स्नायूत. इथे सर्रास चालणारी जोडी म्हणजे अझापेरोन आणि केटामाइन. अझापेरोन डुकराचा तापट स्वभाव उतरवतं, केटामाइन त्याला आडवं करतं. दहा-पंधरा मिनिटांत ते डोकं टेकतं. मग कानाच्या कडेची शीर शोधायची. डुकराच्या इतर शिरा चरबीखाली गडप असतात, कान तेवढा उदार. तिथे सुई लागली की पुढचं सगळं शिरेतून देता येतं.

खरी परीक्षा श्वासासाठी घशातून घालायच्या नळीची. डुकराचं तोंड लांबट, जबडा फारसा उघडत नाही, टाळूचा मऊ भाग लांब, आणि स्वरयंत्राचं तोंड बरेचदा त्या मऊ टाळूआड दडलेलं. फडताळाच्या मागच्या कोपऱ्यातली बरणी नुसत्या बोटांच्या टोकांनी ओढून काढावी, तसलं हे काम. त्यात स्वरयंत्र आणि श्वासनलिका सरळ रेषेत नाहीत. नळी पुढे रेटली की खालच्या खळग्यात अडते आणि जोर केला तर आतलं अस्तर फाटतं. गळा जरा डिवचला गेला की आवळून बसतो, म्हणून आधी गळा बधिर करणाऱ्या लिडोकेनचा फवारा. चाळीस किलोच्या माणसाला जाईल त्यापेक्षा बारीक नळी घ्यावी लागते. आणि एवढं करून ती जास्त खोल गेली तर आणखी एक गंमत आहे: डुकराच्या उजव्या फुप्फुसाच्या वरच्या भागाकडे जाणारी नळी मुख्य फाट्याच्या आधीच, थेट श्वासनलिकेतून फुटते. आपली नळी तिच्यावरून पुढे गेली की तेवढं फुप्फुस हवेविना राहतं.

हे स्वरयंत्र वैद्यकाच्या इतिहासात फार जुनं आहे. दुसऱ्या शतकात रोममध्ये गॅलेन या ग्रीक वैद्याने जिवंत डुकराच्या मानेतल्या बारीक मज्जातंतू लोकांसमोर आवळून आणि कापून दाखवल्या. डुक्कर निवडलं ते त्याच्या आवाजासाठी, कारण किंचाळण्यात त्याचा हात कोणी धरत नाही. मज्जातंतू तुटली आणि किंचाळणं एकदम थांबलं. आवाज हृदयातून येतो असं मानणाऱ्या मंडळींना त्याने मेंदूची सत्ता दाखवून दिली. १५४३ मध्ये व्हेसालियस या शरीररचनेच्या अभ्यासकाने डुकराची श्वासनलिका उघडून तिच्यात वेताची नळी बसवून फुंकर घालायची आणि पडलेलं फुप्फुस पुन्हा फुगवायचं, असं लिहून ठेवलं. आजच्या व्हेंटिलेटरची कुळकथा सांगताना हा प्रसंग हमखास निघतो. यातल्या कुठल्याच डुकराला भूल नव्हती. ईथरची जाहीर भूल बॉस्टनमध्ये व्हायला १८४६ साल उजाडायचं होतं.

गॅलेनचं डुक्कर माझ्या मनातून जात नाही, ते त्यातल्या क्रौर्यापेक्षा वेगळ्या कारणाने. ते गप्प झालं होतं, पण त्याची वेदना जागच्या जागी होती. बघणाऱ्यांना मात्र फरक दिसणार नव्हता.

भुलेच्या पद्धतींची तुलना करणारे शोधनिबंध मी पुष्कळ वाचते, तेव्हा हाच धागा मला पुन्हापुन्हा हाताला लागतो. दुर्बिणीच्या कामासाठी डुकराला भूल द्यायचे ढोबळ मार्ग थोडेच आहेत. नुसती इंजेक्शनं देऊन, नळी न घालता काम उरकायचं, हा सगळ्यात स्वस्त. वीसेक मिनिटांच्या जठरतपासणीला काही ठिकाणी तो चालवतात. मला तो आवडत नाही. दुर्बिणीतून हवा फुंकली की जठर फुगतं, छाती-पोटामधला श्वासाचा पडदा वर ढकलला जातो, डुकराच्या तोंडात लाळेचा पूर असतो, आणि श्वासमार्ग उघडा. तोंडावर मास्क लावून आयसोफ्लुरेन हा भुलेचा वायू द्यायचा, हा दुसरा. पण तोंडातून दुर्बीण जायची असेल तर मास्क बसणार कुठे? अर्धा वायू डुकराला, अर्धा खोलीतल्या माणसांना. राहिले दोन खरे मार्ग: नळी घालून आयसोफ्लुरेनसारखा वायू, किंवा नळी घालून सगळी भूल शिरेतून, म्हणजे झोप आणणारं प्रोपोफॉल आणि वेदना मारणारं फेंटानिल पंपावर चालू ठेवायचं.

वायूचं सुख असं की चकती फिरवली की भूल किती खोल ते कमी-जास्त करता येतं, आणि बंद केला की डुक्कर लवकर उठतं. दुःख असं की रक्तवाहिन्या सैलावतात आणि रक्तदाब उतरतो. एरवी हे सांभाळता येतं. पण पोटातून दुर्बिणीची शस्त्रक्रिया करताना पोटात कार्बन डायऑक्साइड भरतात, साधारण बारा ते पंधरा मिलिमीटर पाऱ्याच्या दाबाने. त्या दाबाने खालच्या अंगाचं रक्त हृदयाकडे परतायला अडखळतं, फुप्फुसं दबतात, आणि वायू रक्तात मुरून रक्त आम्लधर्मी होतं. व्हेंटिलेटरचा वेग वाढवून तो बाहेर काढत राहावं लागतं. आधीच उतरलेल्या रक्तदाबावर हा बोजा पडला की मॉनिटर ओरडायला लागतो. शिरेतली भूल इथे बरेचदा जास्त स्थिर जाते, पण प्रोपोफॉल स्वतः वेदना कमी करत नाही, आणि तासन् तास चाललं की अंगात साठून उठायला वेळ लावतं. फेंटानिलच्या बाबतीत डुक्कर भलतंच खर्चिक. माणसाच्या हिशेबाने दिलेला डोस त्याला चाटून जातो, कित्येक पट द्यावा लागतो. नायट्रस ऑक्साइड हा भुलेतला आणखी एक वायू तर दुर्बिणीच्या कामात नकोच. आतड्यात शिरून तो ते फुगवतो आणि सर्जनला दिसेनासं होतं.

ही रस्सीखेच शिगेला पोचली ती या शतकाच्या सुरुवातीला. २००४ मध्ये बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्समधल्या अँथनी कल्लू आणि सहकाऱ्यांनी डुकराच्या तोंडातून लवचीक दुर्बीण जठरात नेली, जठराच्या भिंतीला भोक पाडून ती पोटाच्या पोकळीत काढली, यकृताचा तुकडा तपासणीसाठी घेतला, आणि भोक बंद करून परत आले. कातडीवर एकही छेद नाही. त्यानंतर काही वर्षं जगभरच्या प्रयोगशाळांत डुकरांच्या तोंडातून काय काय काढण्याचे प्रयोग झाले, त्याला गणती नाही. भूल देणाऱ्याच्या दृष्टीने मात्र हा सगळ्यात अवघड प्रकार. तोंडात माझी नळी आणि त्यांची दुर्बीण एकमेकींना रेटतात. पोटात जाणारी हवा दुर्बिणीतून जाते, म्हणजे दाब किती झाला ते मोजणारं धड कोणी नाही. त्या लाटेचं पुढे पाणी झालं, पण तिच्यातून एक टिकाऊ गोष्ट निघाली. अन्ननलिकेच्या अस्तराखालून बोगदा करून आतला घट्ट स्नायू कापायचा, हे अमेरिकेतल्या पसरिचा यांच्या गटाने २००७ मध्ये डुकरांत करून दाखवलं, आणि जपानमध्ये हारुहिरो इनोउए यांनी २००८ पासून माणसांत सुरू केलं. घास गिळता न येणाऱ्या रुग्णांवर आता भारतातही हा उपचार होतो.

मग वायू बरा की शीर? निबंधात उत्तर देण्यासाठी दोन्हींची खोली सारखी ठेवून तुलना करतात. इथे मी नेहमी थांबते. सारखी म्हणजे कशी? वायूचं माप १९६० च्या दशकात एगर हे भूलतज्ज्ञ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी घालून दिलं: ज्या प्रमाणाला निम्मी जनावरं छेद दिल्यावर हलत नाहीत, ते एक माप. आयसोफ्लुरेनचं हे माप माणसात सव्वा टक्क्याच्या आत, डुकरात दीड ते दोन टक्क्यांच्या घरात. जगातली भूल या मापावर चालते. पण १९९३ मध्ये रॅम्पिल आणि सहकाऱ्यांनी उंदरांत दाखवलं की मोठ्या मेंदूचा संबंध काढून टाकला तरी हे माप बदलत नाही. म्हणजे छेद दिल्यावर न हलणं हे मुख्यतः पाठीच्या कण्यातल्या मज्जारज्जूचं काम. वरच्या मजल्यावर दिवा चालू आहे की बंद, हे त्यावरून सरळ ठरत नाही. आपण ज्याला भुलेची खोली म्हणतो, तिची पट्टीच हालचालीवर आखलेली आहे.

यात स्नायू शिथिल करणारी औषधं आली की पट्टी हातातून निसटतेच. सर्जनला ती हवी असतात, कारण पोट सैल झालं की जागा मिळते आणि पडद्यावरचं चित्र हलत नाही. व्हेक्युरोनियम, रोक्युरोनियम ही आजची नावं, पूर्वज कुरारे, म्हणजे बाणांना लावायचं विष. एकोणिसाव्या शतकात क्लोद बर्नार या फ्रेंच शास्त्रज्ञाने कुरारे मज्जातंतू आणि स्नायूच्या जोडावर काम करतं हे दाखवलं. जनावर दगडासारखं पडतं, जाणीव मात्र शाबूत. इंग्लंडात यावरून एवढं रान उठलं की १८७६ च्या प्राणी-क्रूरता कायद्यात, या कायद्यापुरतं कुरारे हे भुलेचं औषध मानलं जाणार नाही, असं स्पष्ट कलम घालावं लागलं. तरीही माणसांत शंका उरलीच. १९४७ मध्ये युटाच्या स्कॉट स्मिथ या भूलतज्ज्ञाने स्वतःला कुरारेचा पूर्ण डोस टोचून घेतला. पापणीही हलवता येत नव्हती, श्वास सहकाऱ्यांनी दिला. उठल्यावर त्याने सांगितलं की सगळं ऐकू येत होतं, सगळं कळत होतं, टोचलेलं दुखत होतं.

डुक्कर उठून सांगत नाही. म्हणून मी इतर खुणांवर जगते. जबडा किती सैल आहे, खुरांच्या मध्ये चिमटा काढला की पाय ओढतं का, नाडी आणि रक्तदाब छेदाच्या क्षणी उसळतात का. डोळ्यांच्या खुणा डुकरात फार भरवशाच्या नाहीत. कपाळावर पट्टी चिकटवून मेंदूच्या लहरींचा आकडा देणारी यंत्रं आमच्याकडेही आहेत, पण त्यातलं गणित माणसांच्या मेंदूवर बसवलेलं. केटामाइन दिलं की माणसातसुद्धा तो आकडा चढून बसतो. एकदा एका पाहुण्या डॉक्टरांनी समाधानाने मान हलवत तो आकडा वहीत लिहून घेतला. डुकराची कवटी किती जाड, मेंदू किती खोल, हे त्यांना सांगावं की नाही, या विचारात मी चहा पिऊन आले.

वायू की शीर या प्रश्नाला आणखी एक पदर आहे, आणि तो मला सगळ्यात सुरस वाटतो. १९६० मध्ये मेलबर्नमध्ये एक तरुण पाय मोडून दवाखान्यात आला. त्याला पायापेक्षा भुलेची भीती जास्त होती, कारण त्याच्या घराण्यातली दहा माणसं ईथर दिल्यावर दगावली होती. नवं औषध म्हणून हॅलोथेन दिलं. थोड्याच वेळात तो तापून निघाला, रक्तदाब कोसळला. बर्फात ठेवून डॉक्टरांनी त्याला वाचवला. डेनबरो आणि लव्हेल यांनी ती हकिगत छापली. पुढे १९६६ मध्ये इंग्लंडमध्ये तोच प्रकार डुकरांत दिसला. भूल दिल्यावर अंग लाकडासारखं ताठ, ताप वाढत जाणारा, शेवटी मृत्यू. लँडरेस, पिएट्रेन या भरपूर मांसासाठी निपजवलेल्या जातींत तो जास्त. हीच डुकरं ट्रकमधून नेताना नुसत्या ताणाने मरायची. खाटकांना त्यांचं फिकं, पाणचट मांस चांगलं माहीत होतं, कारण मात्र कोणाला कळत नव्हतं.

मग केपटाऊनच्या गेसफर्ड हॅरिसन यांनी अशाच डुकरांवर डँट्रोलीन हे औषध वापरून पाहिलं आणि १९७५ मध्ये ते लागू पडतं हे छापलं. काही वर्षांतच ते माणसांसाठी आलं. एकेकाळी या तापात दहातले सात-आठ रुग्ण जायचे, आता शंभरात थोडे. १९९१ मध्ये टोरांटोच्या मॅक्लेनन यांच्या गटाने या तापामागचं, डुकराच्या जनुकातलं बिघडलेलं नेमकं एक अक्षर शोधलं. त्यानंतर कळपांची तपासणी करून ते बरंचसं निपटून काढण्यात आलं. तरी जर्मनीत पिएट्रेनचं रक्त फार पसरलेलं आहे, आणि नव्या पुरवठादाराकडून डुक्कर आलं की मी पहिल्या दिवशी वायूला हात लावत नाही. प्रोपोफॉल, केटामाइन, फेंटानिल या तापाला चेतवत नाहीत. गेल्या वर्षी आमच्या गावच्या एका मुलाचं अपेंडिक्स काढायचं होतं, तेव्हा त्याच्या वडिलांनी मला फोन करून विचारलं, "ताई, भुलेची भीती वाटते. काय विचारू डॉक्टरांना?" मी म्हटलं, "घरात कोणाला भूल दिल्यावर एकाएकी ताप चढला होता का, ते आधी तुम्हीच त्यांना सांगा." ही माझी शिकवण डुकरांची आहे, हे मी त्यांना सांगितलं नाही. उगाच गैरसमज.

परळला असताना आम्हाला १९६० चा प्राणी-क्रूरता प्रतिबंधक कायदा पाठ करावा लागे. त्याच्या सतराव्या कलमात लिहिलंय की शस्त्रक्रियेचे प्रयोग शक्यतो वेदना जाणवणार नाही इतक्या ताकदीच्या भुलेखाली व्हावेत. त्याच कलमात पुढे असंही आहे की निव्वळ हात बसावा म्हणून प्रयोग शक्यतो करू नयेत. इंग्लंडच्या १८७६ च्या कायद्यातही हाताच्या सरावाला बंदी होती, आणि म्हणूनच पुढे ब्रिटिश सर्जन डुकरांवर शिकायला बाहेरच्या देशांत जात राहिले. फ्रान्समध्ये स्ट्रासबर्गला जाक मारेस्को यांनी १९९४ मध्ये उभारलेल्या संस्थेत जगभरचे सर्जन दुर्बिणीची शस्त्रक्रिया शिकले. मला हे दुटप्पी वाटतं, पण पूर्ण चूकही म्हणवत नाही. मुंबईत जे. जे. रुग्णालयात १९९० मध्ये डॉ. तेहमटन उडवाडिया यांनी भारतातलं पहिलं पित्ताशय दुर्बिणीतून काढलं. पुढे कधीतरी माझ्या आईचंही तसंच निघालं आणि ती तिसऱ्या दिवशी भाजी निवडत होती. कुठलाही सर्जन कुठेतरी पहिल्यांदा हात चालवतोच.

आमच्याकडची बहुतेक डुकरं त्या भुलेतून परत उठवत नाहीत. काम संपलं की भुलेतच शिरेतून शेवटचा डोस. काहींना हे भीषण वाटतं. मला जास्त काळजी उठवायच्या डुकरांची असते, कारण त्यांना दुसऱ्या दिवशी दुखतं, आणि वायू बंद केला की त्याचं संरक्षणही बंद. म्हणून वेदना मारणारी औषधं: छेदाच्या आधीच मेलॉक्सिकॅम, संध्याकाळी ब्युप्रेनॉर्फिन. प्रयोगशाळेच्या भिंतीपलीकडचं चित्र वेगळं आहे. जर्मनीत नर पिल्लांना भूल न देता खच्ची करण्यावर बंदी आली ती २०२१ च्या १ जानेवारीला. प्राण्यांचं रक्षण राज्यघटनेत लिहून झाल्याला तेव्हा अठरा वर्षं उलटून गेली होती.

माझ्यापुरती तुलना इथे येऊन ठेपते: जठरातल्या लांब कामाला आणि पोटात वायू भरायच्या कामाला मी शिरेतली भूल आणि भरपूर फेंटानिल घेते, जोडीला गरज पडली तर थोडा आयसोफ्लुरेन. शुद्ध पद्धती निबंधात शोभतात. शिथिल करणारं औषध मात्र मी सर्जनच्या हातात पहिला चाकू असताना देत नाही. आधी छेद होऊ दे, नाडी जागची हलत नाही हे मला दिसू दे, मग. आमच्या एका सर्जनना हे अजिबात पटत नाही. "डॉक्टर, ती पाच मिनिटं माझी वाया जातात," ते म्हणतात. मी त्यांना नम्रपणे सांगते की ती पाच मिनिटं भुलेच्या तक्त्यात माझ्या नावावर लिहा. ते लिहितात, आणि पुढच्या वेळी पुन्हा मागतात.